अढीतला मोतीबिंदू

“कच्चा मोतीबिंदू काढायला निघालात? आधी अढीत पिकू तर द्या!” वडील डॉक्टरांवर असे गरजले, की दवाखान्यापासून पार धायरीपर्यंतच्या खिडक्या थरथरल्या. हापूसचा वास आला की अजून तो आवाज कानात घुमतो. जन्मभर मंडईत आंबे विकलेला माणूस, पण डोळ्यांपुढे इतकं धुकं, की डॉक्टर समजून भिंतीवरच्या कॅलेंडरलाच झापत होता. माझंही डोकं फिरलं. “काल जुन्या गिऱ्हाइकाला सडके आंबे दिलेत, अण्णा. आता पार आंधळे होईपर्यंत थांबणार?” मी ओरडलो. डॉक्टर म्हणाले, “अहो, आंबा पिकला की मऊ पडतो. मोतीबिंदू पिकला की कडक होतो, मग काढणं अवघड जातं.” वडील कॅलेंडरकडे बघतच म्हणाले, “मग आजच उतरवा.”