काळा पैसा, चिंचेचा पैसा

"ताई, तांब्याचा पैसा काळाच हवा," जुन्या बाजारातला विक्रेता म्हणाला. "या सालचे बरेचसे वितळवून त्यांची भांडी झाली. उरलेले बायकांनी घासून वाया घालवले. म्हणून तर न घासलेल्याला एवढा भाव!"

मी पैसा बोटांत फिरवला. बोट काळं झालं. वास घेतला, तर चक्क बूटपॉलिश! मी तो परत ठेवला.

लक्ष्मीपूजनाला देवघरातला पैसा काढला. आईने दरवर्षी चिंचेने घासून त्यावरचा राजा पार पुसून टाकलाय. हा अस्सल, पण संग्राहक याच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत. जुनेपणाचा मान काय तो डागालाच, हाताच्या मायेला नाही?

चिंच कोळता कोळता माझा हात थांबला. त्या लबाडाचं बोलणं मला पटायला लागलं होतं.