हुमायूनच्या मकबऱ्यानंतरची अंघोळ

हुमायूनचा मकबरा बघून सगळे खाली आले. बसच्या पायरीपाशी काशीकाकू थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅनेजर, आंगोळीचं बगा."

"सकाळी झाली की अंघोळ, काकू."

"ती आदीची. आता मयताला जाऊन आलो ना आमी?"

मी तेव्हा कर्जतच्या एका छोट्या यात्रा कंपनीत टूर मॅनेजर होतो. टूर मॅनेजर म्हणजे तिकिटं काढणारा, सामान सांभाळणारा आणि सगळ्यांच्या शिव्या खाणारा माणूस. सत्तरच्या दशकातला एक डिसेंबर. ग्रुप पोशीरच्या भातशेतकऱ्यांचा. दुपारी संसद भवनाचा पास होता. म्हणजे खासदाराच्या ओळखीनं मिळालेली, वर गॅलरीत बसून कामकाज बघायची परवानगी. वेळ हुकली की पासाची रद्दी.

त्या पासात काशीकाकूंच्या यजमानांचा, धर्मानानांचा जीव अडकला होता. 'पार्लमेंट आतून बगून येतो' असं अख्ख्या गावाला सांगून ते निघाले होते. लाल किल्लासुद्धा त्यांनी पाहिला तो पार्लमेंट अजून किती लांब, हे विचारत.

मी काकूंना समजावलं. "अहो, हुमायूनला जाऊन चारशे वर्षं झाली. आता कसली मयत?"

"जुनी का आसंना! थडग्याला फेरी मारली ना? तसंच जेवायचं? तसंच त्या मोठ्या दारात जायाचं?"

बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. पुरुषांनी बायांकडे पाहिलं. झालं, कल्याण!

अंघोळीला मुक्कामाच्या धर्मशाळेत जाऊन यावं तर पास बुडतो. अंघोळ नाही तर बसमध्ये कुणी चढत नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "नाना, आता तुम्हीच सांगा. पार्लमेंट की अंघोळ?"

बागेत माळी रबरी पाइपनं झाडांना पाणी घालत होता. नानांनी सदरा काढला, धोतर खोचलं आणि त्याच्यापुढे उकिडवे बसले. "घाल रं बाबा," मराठीतच म्हणाले.

माळ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. पाणी असं गार, की नानांची 'हर हर गंगे' पार रस्त्यापर्यंत ऐकू गेली. मग एकामागून एक सगळे बसले. बायांनी नदीवर करतात तशी लुगड्यानिशी अंघोळ उरकली. सामान बसमध्येच होतं. पडदे ओढून कपडे बदलले. चौकीदार शिटी फुंकत आला, तोवर आमची बस सुटली होती.

आम्ही वेळेत पोचलो. नाना सगळ्यांच्या पुढे, हातात पास, दातावर दात वाजतायत. गेटवरच्या शिपायानं पास पाहिला आणि परत दिला.

"आज हाउस बंद है. एक मेंबर गुजर गए."

विद्यमान खासदार वारला की दुखवटा व्यक्त करून त्या दिवसाचं काम तहकूब करतात, हे मला तिथं कळलं. नानांना हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पण सांगितलं.

नानांनी त्या गोल इमारतीकडे पाहिलं. डोळे भरले होते त्यांचे. मग टोपी काढून त्यांनी हात जोडले.

"बराबर हाय," ते म्हणाले. "घरातला मानूस गेल्यावर काम चालू ठेवतात व्हय? गावात सांगीन, हितं पन रीत पाळतात."

काकू बसकडे वळल्या. "आत गेलो नाय, तवा आंगोळ नको," एवढं जाहीर करून पहिल्या चढल्या.

पुढच्या टूरपासून मी सगळे मकबरे सकाळी उजाडताच, अंघोळीच्या आधी ठेवले. पार्लमेंट कधी ठेवावं, ते ठरवणं मला शेवटपर्यंत जमलं नाही.