आय हॅव

भोकरदनच्या स्पोकन इंग्लिश क्लासात हसनाबादची एक बाई माझ्या शेजारी बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. वाक्य बोलायच्या आधी ती पदर तोंडाशी धरून ते आतल्या आत घोळवायची आणि मगच उभी राहायची.

त्या दिवशी सरांनी ‘आय हॅव’ शिकवलं. आपल्याजवळ काय आहे ते एकेकानं सांगायचं होतं. कुणी घर सांगितलं, कुणी गाडी. ती कोरी करकरीत साडी नेसून आली होती.

"आय हॅव साडी," ती म्हणाली.

वर्ग हसला. सर म्हणाले, "ताई, जरा मोठं सांगा की. शेत सांगा."

"बापाच्या शेतात माझा वाटा व्हता सर. परवा भावांनी कचेरीत नेलं, हक्कसोडपत्रावर सही घेतली अन् ही साडी देली. म्हणले, नेस, तुला शोभून दिसंल."

सरांनी तिच्या वाक्यातली चूक तेवढी दुरुस्त केली.

मग माझी पाळी आली. ‘आय हॅव टू ब्रदर्स’ म्हणून मी खाली बसले. सर ‘व्हेरी गुड’ म्हणाले.

माझ्या सहीची साडी हिरवी आहे. तिची घडी मी अजून मोडलेली नाही.