उजवीकडून मस्कत, डावीकडून मद्रास

व्यंकटराव मास्तर फळ्यावर दोन्ही टोकांकडून लिहीत. उजव्या टोकाला अरबी सुरू व्हायची ती डावीकडे सरकत यायची, डाव्या टोकाला तमिळ सुरू व्हायची ती उजवीकडे. दोघी समोरासमोर आल्या की मास्तर मध्ये उभी रेघ मारत, तिच्यावर मराठीत अर्थ लिहीत आणि खडूचा हात झटकून म्हणत, "उजवीकडून मस्कत, डावीकडून मद्रास. मध्ये आपण, गौलीगुड्यात. बोलो मियाँ, कुठं जाणार?" मियाँ ते सगळ्यांनाच म्हणत. मुलींनासुद्धा.

बाजार नुकता खुला झाला होता आणि ज्याला त्याला कुठंतरी जायचंच होतं. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता. तिथं एसी होता, चपला बाहेर काढाव्या लागत. खाली मास्तरांकडे एक पंखा होता, तोही लहर लागली तर फिरायचा. मास्तर लहानपणी शेजारच्या मौलवीसाहेबांपुढे बसून अरबी शिकले, आणि रेल्वेत मालबाबू असताना त्रिचीला बदली झाली तेव्हा पुस्तकं वाचवाचून तमिळ. निवृत्तीनंतर त्यांनी दोन्ही एकदमच शिकवायला काढल्या.

"दोघींचं नातं ना गोतं," ते सांगत. "पण शेजारी बसवल्या की दोघी कळतात. तमिळबाई काटकसरी, क आणि ग एकाच अक्षरात भागवते. अरबी ऐसपैस. तिच्याकडे ह दोन, स दोन, पण ऱ्हस्व स्वर लिहायला सांगा, म्हणते, घ्या समजून!" मग रेल्वेची नोकरी अंगात यायची. "तमिळ शब्द म्हणजे मालगाडी. मागं डबे जोडत जा. अरबीत इंजिन बहुतेक तीन अक्षरांचं, डबे मात्र पुढं, मागं, आणि इंजिनाच्या पोटातसुद्धा! किताब, ती लिहिणारा कातिब, लिहिणं शिकवणारी शाळा मकतब. इंजिन एकच, हौ की नाही?" आणि शेवटी ठरलेलं वाक्य. "अरबीला घसा द्यावा लागतो, तमिळला जीभ. मेंदू कुठल्याच भाषेला लागत नाही, म्हणून तर पोरं बोलतात."

आईनं मला मलकपेठेहून त्यांच्याकडे धाडलं ते अरबीसाठी. मस्कतच्या एका मुलाचं स्थळ आलं होतं. "तिकडं भाजी घ्यायला गेलीस तर मुक्यासारखी उभी राहशील," असं तिचं म्हणणं. मला मात्र मद्रासच्या एका नव्या कंपनीनं बोलावलं होतं. अट एकच, गिऱ्हाइकांशी तमिळ बोलता आलं पाहिजे. ही गोष्ट घरात काढली की आई पोळपाट आपटायची, संपला विषय. तेव्हा मी अरबीच्या वर्गात बसून फळ्याचा डावा अर्धा तेवढा उतरवून घेत होते. चौथ्या की पाचव्या दिवशी मास्तर म्हणाले, "सुलभा मियाँ, मानेला काय झालं? उजवीकडं वळत नाही ती." मी रडतरडत सगळं सांगितलं. त्यांनी नुसतं "हौ" म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला पहिल्या बाकावर, डाव्या टोकाला बसवलं.

मुलगा सुट्टीवर आला, पाहण्याचा कार्यक्रम ठरला. पूर्वी मुलीला गाणं म्हणायला लावत. आमच्या आईनं काळाप्रमाणे सुधारणा केली. तिनं मास्तरांनाच बोलावून ठेवलं आणि पोहे देतादेता जाहीर केलं, "आमची सुलभा अरबी शिकलीय. मास्तर, घ्या की परीक्षा!"

मला अरबीत 'सलाम'च्या पुढं एक अक्षर येत नव्हतं. लग्न ठरलं तर मद्रास संपलं, आणि सोंग उघडं पडलं तर आईनं मला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं.

मास्तरांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, घसा खाकरला, आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "नी एंगे सेल्ल विरुम्बुगिराय्?"

तुला कुठं जायची इच्छा आहे? अख्ख्या घरात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मराठीत तर नव्हताच नव्हता. मी मान वर केली आणि खणखणीत सांगितलं, "चेन्नैक्कु." तमिळमध्ये मद्रासला तेव्हाही चेन्नैच म्हणत. आईच्या बापालाही ते कळणार नव्हतं. ती कौतुकानं मुलाच्या आईकडे वळली, "बघा, कशी फाडफाड बोलते!"

मुलगा मात्र रुमालात तोंड खुपसून खोकत होता. जाताना चपला घालायच्या निमित्तानं तो मास्तरांजवळ वाकला. "मस्कतला माझ्या खोलीत दोघं तंजावरचे आहेत," तो कुजबुजला. "पण मास्तर, तुमची तमिळ सभेतल्या भाषणासारखी वाटते हां." दोन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आईनं ज्योतिषाचा उद्धार केला. मास्तरांनी स्वतः घरी येऊन तिला समजावलं, तीन वेळा चहा घेतला, आणि मी मद्रासची गाडी पकडली.

तिथं पहिल्याच रिक्षावाल्यानं माझी तमिळ ऐकून विचारलं, बाई, तुम्ही कुठल्या पक्षाच्या? सुट्टीत येऊन मी मास्तरांशी भांडले, "तुम्ही शिकवलंत तसं तिथं कुणीही बोलत नाही!" मास्तर शांतपणे म्हणाले, "मग शिकव त्यांना."

पुढं बऱ्याच वर्षांनी ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी भेटायला गेले. त्यांचा मुलगा डॉक्टरांशी इंग्रजीत बोलत होता, सून नर्सशी तेलुगूत. बोलणं सगळं मास्तरांबद्दल चाललं होतं, मास्तरांशी कुणी बोलत नव्हतं. मी कानाशी वाकले आणि तमिळमध्ये विचारलं, तुम्हाला काय हवंय?

त्यांनी डोळे उघडले. "मद्रासनं तुझी भाषा बिघडवली," म्हणाले. मग मुलाकडे चोरून पाहत, एकेक शब्द जोडत, "इनिप्पुडन् तेनीर्."

साखर घातलेला चहा, नेमका डॉक्टरांनी बंद केलेला. मरायला टेकले तरी भाषा भाषणाचीच!

"काय म्हणतायत बाबा?" मुलानं विचारलं.

"जुना धडा म्हणतायत," मी सांगितलं आणि कोपऱ्यावरच्या इराण्याकडून थर्मास भरून आणला. मुलगा औषधं आणायला गेला तेवढ्यात मास्तर बशीतून तो चहा प्यायले. थोडा सांडला, तो मी पदरानं पुसला.

"पास, मियाँ," ते म्हणाले, आणि बशी पुन्हा पुढं केली.