शूटिंगमध्ये मेलेला चिंतू

मी शिरगावचा रामनाथ. त्र्याऐंशी साली मुंबईच्या पिक्चरवाल्यांची जीप चालवत होतो. पिक्चर काय, तर एक शहरी बाबू रानात एकटा राहतो, उपाशी मरतो, सापाला भितो आणि शेवटी मर्द होतो म्हणे. डोंबलाचा मर्द! पायातला काटा त्याला काढता येत नव्हता. त्याचा वाटाड्या म्हणून घेतला होता आमचा चिंतू, डोंगरातल्या पाड्यावरचा वारली.

गोष्टीत वाटाड्या मरतो. दिग्दर्शकाला सगळं अस्सल हवं होतं. म्हणून रडायला चिंतूचीच बायको सोमी, आणि मेल्याचं गाणं म्हणायला पाड्यातला म्हातारा भगत, सुका. सुका नको नको म्हणत होता. मीच गाढव, म्हटलं, "अरे बाबा, खोटं खोटं म्हण की!"

त्याला खोटं येत नव्हतं. भर दुपारी त्यानं अख्खं गाणं म्हटलं, चिंतूचं नाव घेऊन त्याला पूर्वजांच्या हवाली केलं. वारा पडला. एक पाखरू बोलेना. तिरडीवरच्या चिंतूची छाती हलताना दिसेना. शूटिंग संपलं तसा तो उठून बसला आणि बायका किंचाळत पळाल्या.

संध्याकाळी तो घरी गेला, तर दार बंद. बाहेर पानावर भात, मेलेल्या माणसाला ठेवतात तसा. मी सुकावर जाम भडकलो. "आण त्याला परत!"

"न्यायचं गाणं हाय, भाऊ. आणायचं नाय."

मग मी सोमीशी भांडायला गेलो. चिंतू माझ्यामागे अंगणाबाहेर उभा होता.

"अगं, जिवंत आहे तो! दिसत नाही तुला?"

"दिसतो ना," सोमी रडत म्हणाली. "पण तिकडं त्याचं नाव सांगून झालंय. ह्याला घरात घेतला तर त्याच्या जागी ते कुणाला नेतील? घरात माझी पोर हाय, लाडकी, वरसाची."

चिंतूनं गुपचूप पान उचललं आणि लांब जाऊन जेवला.

पिक्चर बोईसरला तंबूत लागला. बाबू मर्द झाला म्हणून लोकांनी शिट्ट्या मारल्या. चिंतू रानातच राहिला, खोपट बांधून. लाडकी दिसली की झाडाआड व्हायचा. सोमी रोज पान ठेवायची, बोलायची नाही.

दहा वर्षांनी पाड्याच्या वाटेवर लाडकीनं मला विचारलं, "काका, माझा बाबा कसा होता?"

समोरच्या सागाआड चिंतू उभा होता. त्यानं मला हात जोडले.

"चांगला होता, पोरी," मी म्हटलं.