अर्ध्या सेकंदाचं वळण

आमच्या घरी आम्ही तिघं राहायचो आणि चौथं एक वळण राहायचं. चिखलदऱ्याच्या घाटातलं. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते आणि अमरावती-चिखलदरा ही त्यांची नेहमीची गाडी. जेवताना कधी लहर लागली की ते त्या वळणाबद्दल बोलायचे. तिथं डाव्या हाताचा डोंगर एकदम संपतो, झाडं बाजूला होतात आणि खाली सगळं वऱ्हाड अंथरलेलं दिसतं. काळी शेतं, हिरवी शेतं, मधेच कुठं तलावाचं पाणी चमकतं. "मग पुढं?" मी विचारायचे. "पुढं काय, मंग दुसरं वळन येते," असं म्हणून ते ताक मागायचे.

त्या वळणावर मी किती वेळा जाऊन आले याचा हिशेब नाही. शाळेत पाढे म्हणताना गेले, तापात गेले, पुढे मी स्वतः गणिताची शिक्षिका झाले तेव्हा पेपर तपासता तपासता गेले. खरोखर मात्र कधीच नाही. आईसुद्धा नाही. अमरावतीची अर्धी वस्ती चिखलदऱ्याला हवा खाऊन आली, पण जो माणूस रोज गाडी वर नेत होता त्याच्या घरातलं कुणी गेलं नव्हतं. वडिलांचा नियमच होता. "घरचं मानूस गाडीत असलं की ब्रेकवरचा पाय जड होते," ते म्हणायचे. मला त्या नियमाचा राग यायचा. एवढा राग की मी सहलीलाही तिकडे गेले नाही. नेतील तर बाबाच नेतील, नाहीतर खड्ड्यात गेलं ते वळण.

मग ते निवृत्त झाले आणि काही वर्षांनी त्यांना काचबिंदू निघाला. फार उशिरा कळलं. एक डोळा जवळजवळ गेला होता आणि दुसऱ्याच्या नजरेची कड आतल्या बाजूला सरकत होती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येणार नाही, आणि गाडीच्या स्टिअरिंगला आता हात लावायचा नाही. वडिलांनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी आपली लुना शेजाऱ्यांना देऊन टाकली आणि त्यानंतर ते फारसं बोलेनासे झाले. ओसरीवर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या ऐकायचे. दुसऱ्या गिअरमध्ये उगाच रेटणारा कुणी गेला की तोंड वाकडं करायचे.

एक दिवस चहाची बशी खाली ठेवून ते म्हणाले, "मले ते वळन एकदा पाहाचं हाय."

"इतकी वर्षं काय केलं मग?" मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे.

"ड्रायव्हरनं दरीकडे पाहाचं नसते, बाई. पन्नास लोकं मांगं बसलेले असते. अर्धा सेकंद डोये जायचे, तेवढेच. तुमाले जे सांगतलं ते अर्ध्या अर्ध्या सेकंदाचं जोडून जोडून सांगतलं. आता नजर हाय तोवर उतारू बनून पाहातो."

आईनं पदर डोळ्याला लावला आणि मग तीच म्हणाली, "मले बी दाखवा मंग."

एसटीनं जायला ते तयार नव्हते. डेपोतली पोरं हात धरून गाडीत चढवतील, ते त्यांना नको होतं. भाड्याची गाडी म्हणाल तर अनोळखी माणसाच्या भरवशावर त्या घाटात बसणार नाही. "तू चालवशीन तं बसतो," ते म्हणाले. मी बेचाळीस वर्षांची, मोटार शिकवणाऱ्या क्लासात लायसन्स काढलेलं आणि कपाटात ठेवलेलं. "पन गाडी मी पसंत करीन," हेही त्यांनीच जोडलं. पावसाळा संपला की घाटातलं धुकं उघडतं. तोवर गाडी हवी होती.

कर्ज काढायचं नाही, हे आईनं आधीच बजावलं होतं. साठवलेलं होतं त्यात नवी गाडी बसत नव्हती, तरी आम्ही शोरूमला जाऊन आलो. दरवाजा उघडला की नव्या कापडाचा वास, काचा बंद केल्या की बाहेरचं जग मुकं. मला तर तिथंच डुलकी लागावीशी वाटली. तिथला टाय लावलेला मुलगा आम्हाला सारखा उंच गाडीकडे नेत होता. "आता डिक्कीवाली लांब गाडी कोण घेते, काकाजी?" आईला मात्र डिक्कीचीच गाडी हवी होती. सामानाचा वास नाकात गेला की तिला मळमळतं. वडिलांचंही म्हणणं तेच, मानसं मधी, माल मांगं. निघताना वडील त्याला म्हणाले, "गाडी चांगली हाय बावा, पन हिच्यात आवाजच येत नाई. घाटात समोरून कोन येते ते कानाले कळाले पाह्यजे."

मग जुन्या गाड्या सुरू झाल्या. लांब गाड्यांची फॅशन गेल्यामुळे त्या स्वस्त मिळत होत्या, हे आमचं नशीब. बडनेरा रोडच्या एका यार्डात एक चांदीच्या रंगाची गाडी इतकी चकचकीत होती की मला तिच्यात माझा चेहरा दिसला. डॉक्टरची गाडी, एकाच मालकाची, नऊ वर्षांत वीस हजार किलोमीटर. मी मनातल्या मनात ती घेऊनही टाकली होती. तिच्यात आम्ही तिघं ढगातून चाललोय, आई मागे पेंगतेय, असं सगळं मला दिसलंसुद्धा. वडिलांनी बॉनेटवर तळहात ठेवला, वाकून कान लावला आणि म्हणाले, "नऊ वरसात वीस हजार? हे तं बिमार हाय."

यार्डवाला हसायला लागला. मीही चिडले. सगळं जग कमी फिरलेली गाडी शोधतं आणि आमचे तीर्थरूप जास्त फिरलेली. पण त्यांचं एकच, उभी गाडी आतून सडते. डेपोत कोपऱ्यात लावून ठेवलेली गाडी आधी भंगारात जाते आणि रोज पळणारी पळत राहते. असं करत त्यांनी सहा गाड्या नापसंत केल्या. मी रडकुंडीला आले. नजर रोज कड सोडतेय आणि हा माणूस नवरी पाहायला निघाल्यासारखा नखरे करतोय, असं मी आईला म्हटलंही. आई म्हणाली, "पाहू दे. लय दिवसानं बोलून राह्यले ते."

शेवटी अकोल्याला एक गाडी कळली. एका निवृत्त प्राध्यापिका बाईंची. नवी घेतली तेव्हापासून बारा वर्षं त्या रोज अकोल्याहून अकोटच्या कॉलेजात जाऊन येत होत्या. सव्वादोन लाख किलोमीटरच्या वर चाललेली. रंग एके काळी पांढरा असावा, आता तो ताकासारखा झाला होता. मागच्या दाराला एक ओरखडा. मी पाहताक्षणी नाही म्हणून टाकलं.

वडील गाडीजवळ गेले ते सरळ उजव्या पुढच्या दाराशी. त्यांनी हात वर केला, आपल्या डोक्याच्याही वर, एसटीचा दांडा धरून केबिनमध्ये चढायला. हाताला दांडा लागला नाही. हात तसाच हवेत राहिला, थोडा चाचपडला आणि खाली आला. सगळं दोन क्षणांत झालं. बाईंनी ते पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. मग वडील चालत मागे गेले आणि मागच्या दारातून आत बसले. शेजारी आई बसली.

बाईंनी किल्ली माझ्या हातात दिली. अकोटच्या रस्त्याला लागलो. कापूस नुकता फुटत होता. एवढ्या जुन्या गाडीत मला अवघडल्यासारखं होत होतं, पण तिचा आवाज एकसारखा येत होता, दुपारी घरात कुणी शिलाई मशीन चालवावं तसा. आरशात पाहिलं तर वडील डोळे मिटून बसले होते. एक तळहात पुढच्या सीटच्या पाठीवर होता. बाई माझ्या शेजारून सांगत होत्या, सकाळी सातला निघायचे, पावसातसुद्धा, एक तास चुकवला नाही.

"एकाच रस्त्यानं?" वडिलांनी डोळे न उघडता विचारलं.

"एकाच. दगड न् दगड पाठ होता."

"मंग हे आपलीच हाय," ते म्हणाले. "हिनं नोकरी केली हाय."

परत आल्यावर बाईंनी घासाघीस केली नाही आणि आम्हीही नाही. आईनं तेवढी डिक्की उघडून ती वितीनं मोजली, दळणाचा डबा बसतो याची खात्री केली आणि मान हलवली. बाईंनी किल्ली देताना गाडीच्या छपरावर एकदा हात फिरवला. गाडी माझ्या नावावर झाली. शाळेत सहकारी म्हणाले, सव्वादोन लाख किलोमीटर चाललेली गाडी कुणी घेतं का? मी म्हटलं, आमच्याकडे घेतात.

पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी माझी परेड. वडील मागे बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. पहिल्याच दिवशी मी गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि ते म्हणाले, "घंटी झाली का?"

"कसली घंटी?"

"कंडक्टरनं दोनदा वाजवल्याशिवाय गाडी हालत नसते. एक म्हंजे थांब, दोन म्हंजे चाल."

आणि त्यांनी बोटातल्या तांब्याच्या अंगठीनं खिडकीच्या काचेवर दोनदा ठोकलं. टक, टक. मी निघाले. त्या दिवसापासून तेच. एक ठोका, मी थांबायचे. दोन ठोके, मी निघायचे. आधी मला हसू यायचं, मग राग यायला लागला, आणि मग एके दिवशी ध्यानात आलं की माझा पाय ठोक्याची वाट पाहतोय. मधे कुणी बोलायचंच नाही. सकाळचं कोवळं ऊन, रिकामा रस्ता, आणि मागून टक, टक.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही निघालो. परतवाडा सोडलं आणि रस्ता वर चढायला लागला तसं धुकं आलं. धुकं उघडलेलं असणार असा हिशेब होता, तो चुकला. पाच हातांपुढचं दिसेना. साग येत होते आणि पांढऱ्यात विरघळत होते. एका चढावर गाडी बंद पडून मागे सरकली, आई "देवा" म्हणाली, आणि मागून एकच ठोका पडला. मी हँडब्रेक ओढला. माझा श्वास जागेवर येईपर्यंत ते थांबले आणि मग दोन ठोके दिले. ह्या खेपेला गाडी चढली.

मला वाटलं, परत फिरावं. पुढच्या महिन्यात येऊ असं म्हणावं. पण पुढच्या महिन्यात किती उरलं असेल ते कुणाला माहीत? आरशात पाहिलं. वडिलांनी डोळे मिटले होते आणि त्यांचं अंग प्रत्येक वळणाला वळणाच्या आधीच झुकत होतं. त्यांना धुकं नव्हतंच. तीनएक वळणं गेली असतील आणि एक ठोका पडला.

"डावीकडे घे. तिथं बिघडलेली गाडी लावाची जागा हाय."

जागा खरंच होती. मी उतरून पाहिलं, एक बुटका कठडा आणि त्यापलीकडे फक्त पांढरं. आयुष्यभर जिथं जात होते तिथं मी आले होते आणि तिथं काही नव्हतं.

"नाई दिसत, बाबा," मी म्हटलं.

"दिसंन. बस."

आम्ही गाडीतच बसलो. माझ्या शेजारची काच खाली केली. आईनं डबा काढला, कुणी खाल्लं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग खालून कुणी चादर ओढावी तसं धुकं एका कडेनं सरकायला लागलं. आधी एक काळं शेत निघालं, मग एक हिरवं, मग एका गावाचे पत्रे. तलावाचं पाणी निघालं आणि चमकलं. आई हळूच म्हणाली, "अवो, हे तं तुमी सांगतलं तसंच हाय."

वडील मान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेत होते, अगदी हळू, एवढ्याशा भोकातून एकेक तुकडा पाहत. टोकाला पोचले की परत पहिल्यापासून. अर्ध्या अर्ध्या सेकंदाचं जे साठवलं होतं ते बहुतेक समोरच्याशी जुळवून बघत असावेत. मला विचारायचं होतं, सगळं दिसतंय का. मी विचारलं नाही.

मागून एक एसटी आली आणि हॉर्न वाजवत पुढे गेली. तिच्या ड्रायव्हरनं दरीकडे पाहिलं नाही. ऊन चांगलं वर आलं. आता निघायला हवं म्हणून मी किल्ली फिरवली, गिअर टाकला आणि काचेवरच्या अंगठीकडे कान देऊन थांबले. अंगठीचा हात आईच्या हातात होता.

ठोके पडले नाहीत. मी इंजिन बंद केलं आणि बसून राहिले.