योग्य क्रम लावा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या बाकीच्या लबाड्या तिला पाठ आहेत, तिच्यापासून काही लपवणं एरवी जमत नाही — पण हे राहिलं. वीस वर्षांहून जास्त राहिलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्हाला माझा चेहरा दिसत नाही.

दिग्रसला अकरावी-बारावीला मी मराठी शिकवायचो. आता निवृत्त आहे. भरपूर वाचलेला, सरळ बोलणारा, सत्कार-समारंभांची टिंगल करणारा मास्तर, अशी माझी ख्याती. ती मीच मेहनतीनं जपली होती. पाहुण्यांच्या परिचयात किती विशेषणं पडतात, ते मागच्या रांगेत बसून बोटांवर मोजायचो. आपण बुवा त्यातले नाही — केवढा अभिमान होता मला या गोष्टीचा.

अकरावीला एक युद्धकथा होती. जवान सीमेवर, आणि गोष्ट सांगणारी त्याची बायको, घरी. निवेदकाचा दृष्टिकोन आणि घटनाक्रम शिकवायला ती बरी पडायची. चाचणीतला माझा प्रश्न ठरलेला: चार वाक्यं उलटसुलट द्यायची, योग्य क्रम लावा, कारण लिहा. बरोबर उत्तर असं: जवान पत्र लिहितो. चौकीवर हल्ला होतो. जवान मारला जातो. पत्र घरी पोचतं. नापास व्हायला फार कष्ट पडावेत असा प्रश्न.

रेणुका पुसद रस्त्यावरच्या एका तांड्यावरून एसटीनं यायची. बंजाऱ्यांची मुलगी. घरी गोरबोली, एसटीत वऱ्हाडी, माझ्या वर्गात पुस्तकी मराठी — आणि तरी मराठीत पहिली. तिनं क्रम लावला तो असा: हल्ला होतो, जवान मारला जातो, जवान पत्र लिहितो, पत्र घरी पोचतं.

मी तो वर्गात वाचून दाखवला. कशासाठी? वर्ग पेंगत होता आणि मला विनोद सुचला होता, बस. म्हणालो, हिचा जवान मेल्यावर पत्र लिहायला बसतो. आपलं टपालखातं बरंच वरपर्यंत पोचलेलं दिसतं. पोरं हसली. तिथून पत्राले तिकीट किती लागते, असं मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं. पुन्हा हसली. मीही.

ती उभी राहिली. "सर, आमच्या घरी तसंच घडलंतं."

मी तिला बसायला सांगितलं. घरच्या गोष्टी घरी, इथं पुस्तकातली गोष्ट चालू आहे, असंही म्हणालो. ती बसली.

एवढंच असतं, तर मी ते विसरूनही गेलो असतो. मास्तर चुकला, त्याला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं — हे दोन शब्द मी किती वर्षं चघळले असतील?

मला माहीत होतं.

त्या क्रमाखाली तिनं कारण लिहिलं होतं, पानभर. ते मी आदल्या दिवशीच वाचलं होतं. वर्गात मात्र फक्त वरच्या चार ओळी वाचल्या, आणि खालचं पान अंगठ्यानं झाकून धरलं. तिचा बा सीमेवर होता. तांड्याच्या नायकाच्या, म्हणजे प्रमुखाच्या घरी तो मारला गेल्याचा फोन आला. नऊ दिवसांनी पत्र आलं — मी बरा आहे, रेणुकाची शाळा बंद करू नका. तिची आई, याडी म्हणतात ते लोक, तिला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, पत्र मागून आलं, म्हणजे त्यानं ते मागूनच लिहिलं. फोनवाल्यांनी माणूस चुकवला. पोरीनं पत्रावरची तारीख पाहिली होती. तिनं लिहिलं होतं, "मी याडीले तारीख वाचून दाखवली नाही." आणि शेवटी: "जो गोष्ट सांगते त्याच्या घरी जसं पोचलं, तसंच घडलं."

सबंध नोकरीत दृष्टिकोन म्हणजे काय ते मला इतकं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं. मलाही कधी सांगता आलं नव्हतं. त्याचाच राग आला का? असेल. ते काही कारण होत नाही.

पुढं चार-पाच वर्षांनी यवतमाळला शिक्षकांच्या शिबिरात माझं व्याख्यान झालं. मी म्हणालो, "घटना जिथं होते तिथं घडत नाही, जिथं पोचते तिथं घडते." वाक्य जरा घासूनपुसून घेतलं होतं, पण तिचंच. टाळ्या पडल्या. शाल आणि नारळ मिळाला. मी तो वाकून घेतला, आणि माझ्या परिचयातली विशेषणं त्या दिवशी काही मोजली नाहीत.

चोरी कबूल करणं त्या मानानं सोपं आहे. बघा, आयुष्यभर घटनाक्रम शिकवला आणि माझा स्वतःचा मात्र सोयीनं लावतोय — व्याख्यान आधी सांगून टाकलं, त्याच्या कितीतरी आधीचं मागं ठेवलं.

वर्गात हसून झाल्यावर मी तिला शिक्षा दिली होती. योग्य क्रम दहा वेळा लिहून आण. सगळ्यांनाच द्यायचो मी. तिच्या पानावरचं वाचूनही दिली.

दुसऱ्या दिवशी ती शिक्षकांच्या खोलीत वही घेऊन आली. सुवाच्य अक्षर. जवान पत्र लिहितो, हल्ला होतो, जवान मारला जातो, पत्र घरी पोचतं. दहा वेळा. मी खुर्चीत, ती समोर उभी. मी एकेक ओळ तपासली, कारण मी काटेकोर मास्तर होतो.

"आता बरोबर आहे काय, सर?"

सातव्या वेळी "जवान मारला जातो"च्या जागी "बा मारला जातो" असं पडलं होतं. "इथं चुकलं," मी म्हणालो. लाल शाईनं तो शब्द कापला, वर "जवान" लिहिलं आणि खाली सही केली.